शस्त्रक्रियेनंतरचे कामजीवन

मुंबई-हावडा लोहमार्गावर नागपूरच्या पूर्वेला सुमारे तीनशे किलोमीटर अंतरावर रायपूर आहे. १९५६ पर्यंत ते ज्या प्रांतात मोडत असे त्याची राजधानी नागपूर होती. २००० साली छत्तीसगढ राज्य निर्माण झाले तेव्हा रायपूर स्वतःच राजधानी बनले. या राज्याने पारलिंगी व्यक्तींच्या संदर्भात काही लक्षणीय घटना पाहिल्या आहेत. २०१५ साली रायगढच्या महापौरपदी मधू किन्नर ही पारलिंगी स्त्री निवडून आली. २०२१ साली राज्याच्या पोलीस दलात १३ पारलिंगी उमेदवारांची शिपाई म्हणून निवड झाली. तरीही या विषयाची चर्चा निघाली की लोकांच्या डोळ्यांपुढे प्रायः पारलिंगी स्त्रीच उभी राहते. जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेला, परंतु स्वतःला पुरुष म्हणून ओळखणारा पारलिंगी पुरुष समाजाच्या नजरेआड राहतो. त्याच्या शरीराविषयीचे प्रश्न तर त्याहूनही अधिक अंधारात राहतात.

या प्रश्नांपैकी एक प्रश्न अत्यंत स्वाभाविक असूनही क्वचितच मोकळेपणाने विचारला जातो. जननेंद्रियांवरील शस्त्रक्रियेनंतर पारलिंगी पुरुषाचे कामजीवन कसे असते? संवेदना उरते काय? समागम शक्य होतो काय? रायपूरसारख्या शहरातील तरुण हा निर्णय घेतो तेव्हा त्याच्यापुढे दूरचा प्रवास, मोठा खर्च आणि एकाहून अधिक शस्त्रक्रिया असतात. अशा वेळी अर्धवट माहितीवर घेतलेला निर्णय आयुष्यभर सोबत करतो. म्हणून या प्रश्नाचा शांतपणे विचार होणे आवश्यक आहे.

प्रश्नाची फोड

‘नवे इंद्रिय काम करते काय?’ असा एकच प्रश्न विचारला तर त्याला खरे उत्तर मिळत नाही. कारण ‘काम करणे’ या दोन शब्दांत अनेक भिन्न क्रिया दडलेल्या आहेत. कामेच्छा ही एक. स्पर्श जाणवणे ही दुसरी. आणि त्या स्पर्शातून सुख निर्माण होणे ही त्याहून निराळी. उत्थान, प्रवेशक्षम ताठरता, कामपूर्ती, उभे राहून लघवी करता येणे आणि अपत्यप्राप्ती या आणखी पाच बाबी. जन्मतः पुरुष असलेल्याच्या शरीरात या सर्व क्रिया एकाच इंद्रियाभोवती गुंफलेल्या असतात आणि म्हणून त्या एकच वाटतात. शस्त्रक्रियेत मात्र त्या सुट्या होतात. एखाद्या पद्धतीने एक क्रिया उत्तम साधते, पण दुसरी साधत नाही. सर्व क्रिया एकाच वेळी देणारी शस्त्रक्रिया आज जगात कोठेही उपलब्ध नाही. यांपैकी कोणती क्रिया आपणास सर्वाधिक मोलाची वाटते हे रुग्णाने ठरवावयाचे असते. सर्व विवेचनाचा पाया हाच आहे.

शरीराची मूळ रचना

गर्भावस्थेच्या प्रारंभीच्या आठवड्यांत मुलगा आणि मुलगी यांची बाह्य जननेंद्रिये सारखीच असतात. दोघांच्याही ठिकाणी एक लहानसा उंचवटा असतो. पुढे हॉर्मोनांच्या प्रभावाने त्याच उंचवट्यापासून मुलाचे शिश्न आणि मुलीची शिश्निका तयार होते. म्हणजे ही दोन्ही इंद्रिये एकाच मुळाची आहेत. दोहोंत रक्ताने भरून फुगणाऱ्या ऊती असतात आणि दोहोंच्या वरच्या बाजूने मज्जातंतूंची जोडी जाते. शिश्निकेचा बाहेर दिसणारा भाग लहान असला तरी तिच्या दोन्ही शाखा शरीरात खोलवर पसरलेल्या असतात. ऑस्ट्रेलियातील शल्यचिकित्सक हेलन ओ’कॉनेल यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधामुळे ही गोष्ट वैद्यकात ठळकपणे पुढे आली.

शिश्निकेत किती मज्जातंतू असतात याविषयी ८,००० हा आकडा दीर्घकाळ सांगितला जात होता. त्याचे मूळ जनावरांवरील निरीक्षणात होते. २०२२ साली अमेरिकेतील ऑरेगॉन येथील शल्यचिकित्सक ब्लेअर पीटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी ऊती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हा सरासरी संख्या १०,००० हून थोडी अधिक आढळली. या मोजणीसाठी लागलेल्या ऊती सात पारलिंगी पुरुषांनी आपल्या शस्त्रक्रियेच्या वेळी दिल्या होत्या. समस्त स्त्रियांच्या शरीराविषयीचे एक मूलभूत ज्ञान अशा रीतीने पारलिंगी पुरुषांच्या औदार्यातून प्राप्त झाले.

शस्त्रक्रियेच्या आधी बहुधा टेस्टोस्टेरॉन या हॉर्मोनाचे उपचार झालेले असतात. त्यामुळे मासिक पाळी थांबते, आवाज जाड होतो आणि कामेच्छा बहुतेकांमध्ये वाढते. शिश्निकेची वाढ पहिल्या काही महिन्यांत सुरू होते आणि साधारणतः एक ते दोन वर्षांत पूर्ण होते. पुष्कळदा ती चार ते पाच सेंटिमीटरपर्यंत पोचते. याच उपचारामुळे योनीचा आतील स्तर मात्र पातळ व कोरडा होतो आणि समागमात वेदना होऊ शकतात. कामजीवनातील बदल शस्त्रक्रियेच्या टेबलावर सुरू होत नाहीत. ते त्यापूर्वीच सुरू झालेले असतात.

पुण्याहून निघालेली एक परंपरा

शरीराच्या एका भागातील त्वचा दुसरीकडे नेऊन नवा अवयव घडविण्याच्या विद्येचा एक महत्त्वाचा दुवा महाराष्ट्रात आहे. टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धात इंग्रजांच्या सैन्यातील कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचे नाक कापण्यात आले होते. पुण्याच्या परिसरातील एका कारागिराने कपाळाच्या त्वचेपासून त्याला नवे नाक करून दिले. हा वृत्तांत १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनमधील एका मासिकात छापून आला आणि त्यापासून प्रेरणा घेऊन जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली इंग्लंडमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. त्वचेचा तुकडा पूर्णपणे न तोडता त्याचा देठ जिवंत ठेवावयाचा, म्हणजे रक्तपुरवठा चालू राहतो, हे या विद्येचे सूत्र होते.

पहिल्या महायुद्धात हॅरॉल्ड गिलीस यांनी १९१७ साली त्वचेची नळी करून ती टप्प्याटप्प्याने हलविण्याची रीत वापरात आणली. रशियातील निकोलाय बोगोराझ यांनी १९३६ साली अशा नळीपासून शिश्नाची पुनर्रचना केली. १९४६ ते १९४९ या काळात गिलीस यांनी मायकेल डिलन या इंग्रज पारलिंगी पुरुषावर तेराच्या आसपास शस्त्रक्रिया करून नवे शिश्न घडविले. पारलिंगी पुरुषावर झालेली या प्रकारची ही पहिली ज्ञात शस्त्रक्रिया होय. खरे कारण बाहेर पडू नये म्हणून रुग्णालयाच्या कागदपत्रांत मूत्रमार्गाच्या जन्मजात दोषाची नोंद करण्यात आली होती. डिलन पुढे स्वतः वैद्य झाले. १९५८ साली एका वृत्तपत्राने त्यांचे पूर्वायुष्य उघड केल्यावर ते भारतात आले, त्यांनी बौद्ध भिक्षूचे जीवन पत्करले आणि १९६२ साली डलहौसी येथे त्यांचा अंत झाला. ज्या विद्येचा एक उगम पुण्याजवळ, तिच्या एका प्रसिद्ध रुग्णाची अखेर हिमालयाच्या पायथ्याशी झाली.

त्या काळच्या त्वचानळीत मज्जातंतू जोडले जात नसत. ती आकाराने शिश्न असे, पण तिला स्पर्शाची जाण फारशी नसे. ही उणीव दूर होण्यास सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने होणारी शस्त्रक्रिया विकसित व्हावी लागली. १९८४ साली चीनमधील चांग आणि ह्वांग यांनी हाताच्या पुढल्या भागातील त्वचेपासून शिश्न घडविण्याची पद्धती प्रसिद्ध केली. तिच्यात रक्तवाहिन्यांबरोबर मज्जातंतूही जोडणे शक्य होते.

पहिली पद्धती : आहे त्याचा विस्तार

आज मुख्यतः दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिलीला मेटॉइडिओप्लास्टी म्हणतात. हॉर्मोनामुळे वाढलेली शिश्निका ज्या बंधांनी खाली ओढून धरलेली असते ते बंध मोकळे करून तिला सरळ व पुढे आणले जाते. इच्छा असल्यास गालाच्या आतील पातळ त्वचा किंवा भगोष्ठांची त्वचा वापरून मूत्रमार्ग टोकापर्यंत नेला जातो. मोठ्या भगोष्ठांपासून वृषणकोश तयार करून त्यात सिलिकोनचे कृत्रिम वृषण बसविता येतात.

या पद्धतीत मूळ मज्जातंतू व फुगणाऱ्या ऊती जागच्या जागी राहतात. त्यामुळे सुखसंवेदना आणि कामपूर्ती बहुतेक रुग्णांत टिकून राहते व उत्थानही कोणत्याही साधनाशिवाय नैसर्गिकपणे होते. मर्यादा आकाराची आहे. हे इंद्रिय लहान असते आणि बहुधा समागमातील प्रवेशासाठी पुरत नाही. उभे राहून लघवी करणे पुष्कळांना जमते, सर्वांना नाही.

दुसरी पद्धती : नव्याची घडण

दुसरी पद्धती फॅलोप्लास्टी. हीत हाताच्या पुढल्या भागाची, मांडीची किंवा पाठीची त्वचा घेऊन पूर्ण आकाराचे शिश्न तयार करतात. हाताची त्वचा घेतली असता तिची रोहिणी व नीला जांघेतील रक्तवाहिन्यांना जोडतात. तिच्यातील एक मज्जातंतू सामान्यतः शिश्निकेच्या दोहोंपैकी एका मज्जातंतूला आणि दुसरा जांघेतील मज्जातंतूला जोडला जातो. शिश्निका काढून टाकली जात नाही. तिच्यावरील त्वचा सोलून ती बहुधा नव्या शिश्नाच्या मुळाशी पुरली जाते. म्हणून नव्या अवयवात संवेदना येवो वा न येवो, मुळाशी दाब पडताच पूर्वीचे सुख जाणवते. कामपूर्तीचा मुख्य आधार बहुतेकांच्या बाबतीत हाच असतो.

नव्या त्वचेत संवेदना येण्यास वेळ लागतो. जोडलेला मज्जातंतू दिवसाला सुमारे १ मिलिमीटर या गतीने वाढतो. बारा सेंटिमीटर लांबीच्या टोकापर्यंत पोचण्यास केवळ वाढीचाच काळ चार महिन्यांचा होतो. प्रत्यक्षात त्याहून बराच अधिक लागतो. आधी साधा स्पर्श कळू लागतो, पुढे काहींना त्यात सुखाचीही जाणीव होते. हे घडण्यास वर्ष किंवा त्याहून अधिक काळ जातो आणि सर्वांना सारखे फळ मिळत नाही. तिसऱ्या महिन्यात बधिर वाटणारे इंद्रिय पाहून ‘शस्त्रक्रिया फसली’ असा निष्कर्ष काढणे म्हणूनच घाईचे ठरते.

या शिश्नात स्वतः फुगणाऱ्या ऊती नसल्याने आपोआप उत्थान होत नाही. प्रवेशक्षम ताठरता हवी असेल तर पुढील टप्प्यात, बहुधा नऊ महिने ते वर्षभरानंतर, आत कृत्रिम साधन बसवितात. ते वाकविता येणाऱ्या कांडीचे किंवा द्रव भरून फुगणाऱ्या नळीचे असते. वर्षभर थांबण्यामागे कारण आहे. त्वचेला स्पर्श व वेदना कळू लागण्यापूर्वी साधन बसविल्यास ते आतून त्वचा घासून बाहेर येऊ लागले तरी रुग्णाला पत्ता लागत नाही. जंतुसंसर्ग, साधन सरकणे किंवा बिघडणे यांमुळे ते काढून पुन्हा बसवावे लागण्याचे प्रसंग पुष्कळ येतात.

बेल्जियममधील गेंट येथील वैद्यांनी २००५ साली ५५ पारलिंगी व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत २३ पुरुष होते. एकंदर ८० टक्के व्यक्तींनी आपले कामजीवन सुधारल्याचे सांगितले. कृत्रिम साधन बसविलेल्या पुरुषांच्या अपेक्षा अधिक प्रमाणात पूर्ण होण्याकडे कल दिसला. परंतु समागमाच्या वेळी वेदनाही त्यांनाच अधिक वेळा होत होत्या. एक क्रिया मिळविताना दुसरीत काही सोडावे लागते, याचे हे बोलके उदाहरण होय.

योनी, गर्भाशय आणि अपत्य

योनी बंद करावी की ठेवावी हा स्वतंत्र निर्णय आहे. काहींना तिच्या अस्तित्वानेच मनस्ताप होतो. काहींना तिच्यापासून मिळणारे सुख सोडावेसे वाटत नाही. मूत्रमार्ग वाढवावयाचा असेल तर योनी बंद केल्याने जोडाच्या जागी छिद्र पडण्याचा धोका कमी होतो, म्हणून पुष्कळ शल्यचिकित्सक तसा आग्रह धरतात. ज्यास योनी राखावयाची आहे त्याने मूत्रमार्ग वाढविण्याचा हट्ट सोडण्याचाही विचार करावा.

दोन्ही पद्धतींत नव्या इंद्रियातून वीर्य येत नाही. त्यापासून अपत्यप्राप्ती होत नाही. दोन्ही बीजांडकोश काढल्यावर स्वतःचे जैविक अपत्य होण्याचा मार्ग बंद होतो. तत्पूर्वी बीजांडे गोठवून ठेवता येतात. बीजांडकोश काढल्यानंतर टेस्टोस्टेरॉनचे उपचार मध्येच सोडल्यास हाडे ठिसूळ होतात, हेही लक्षात ठेवले पाहिजे. उलट गर्भाशय, बीजांडकोश व योनी जागेवर असतील आणि पुरुषाशी समागम होत असेल तर पाळी थांबलेली असूनही गर्भ राहू शकतो. टेस्टोस्टेरॉन हे संततिनियमनाचे साधन नव्हे. समागमातून पसरणाऱ्या रोगांपासून संरक्षणाची गरजही शस्त्रक्रियेमुळे संपत नाही.

गावी परतल्यानंतर

मराठी वाचकांना या विषयाची ओळख बव्हंशी बीड जिल्ह्यातील पोलीस शिपाई ललित साळवे यांच्या वृत्तांमुळे झाली. त्यांच्यावर २०१८ च्या मे महिन्यात मुंबईच्या सेंट जॉर्ज या सरकारी रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. त्यांची शारीरिक स्थिती निराळी होती. तपासणीत त्यांच्या पेशींत वाय गुणसूत्र आढळले होते. म्हणून त्यांच्या उदाहरणावरून पारलिंगी पुरुषांच्या फलनिष्पत्तीविषयी अनुमान काढणे योग्य नाही. परंतु उपचार टप्प्याटप्प्याने होतात ही गोष्ट त्या वृत्तांनी सर्वांना शिकविली.

हे टप्पे दूरच्या शहरात होतात आणि त्यांमधील काळ रुग्ण घरी काढतो. मुंबईहून रायपूरला येण्यास रेल्वेने जवळजवळ एक दिवस लागतो. मूत्रमार्गाच्या तक्रारी या दोन्ही पद्धतींत वारंवार आढळणाऱ्या तक्रारी आहेत. जोडाच्या जागी लघवी झिरपते किंवा मार्ग आकसून धार बारीक होते. लघवी पूर्णपणे अडली, ताप आला किंवा नव्या अवयवाचा रंग काळपट पडू लागला तर मूळ शल्यचिकित्सकाच्या भेटीची वाट पाहत बसणे धोक्याचे असते. रायपूर येथे १९६३ साली स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१२ साली सुरू झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था यांची मोठी रुग्णालये आहेत. रुग्णाने शस्त्रक्रियेचा तपशीलवार अहवाल स्वतःजवळ बाळगावा आणि निघण्यापूर्वीच गावातील एखाद्या मूत्ररोगतज्ज्ञाशी बोलून ठेवावे. मूत्रमार्ग कोठून कसा नेला आहे हे ठाऊक नसलेल्या डॉक्टराने जोराने नळी घातल्यास नाजूक जोड फाटू शकतो.

शरीर भरून आल्यानंतर दुसरे काम सुरू होते. नव्या अवयवाशी परिचय करून घेणे ही शिकण्याची गोष्ट आहे. कोणत्या जागी केवळ स्पर्श कळतो, कोठे सुख होते, कोठे वेदना, हे रुग्णाने आधी एकट्याने ओळखावे आणि मग जोडीदारास सांगावे. विवाहित रुग्णाच्या बाबतीत पत्नीलाही प्रश्न असतात, पण डॉक्टरांच्या खोलीत तिला बहुधा कोणी बोलते करीत नाही. तिला प्रवेशाची अपेक्षा असेलच असे नाही. पतीनेच ती गृहीत धरून जास्तीची शस्त्रक्रिया पत्करलेली असते. दोघांनी एकत्र बसून केलेला अर्ध्या तासाचा संवाद कधी कधी एक संपूर्ण शस्त्रक्रिया वाचवितो.

पुरुषत्वाचे माप

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी दिलेल्या निर्णयात व्यक्तीला आपली लिंगओळख स्वतः ठरविण्याचा अधिकार मान्य केला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे अनुचित व बेकायदेशीर ठरविले. २०१९ साली संसदेने केलेल्या कायद्यात अशा शस्त्रक्रिया व हॉर्मोनोपचार यांची सोय करण्याची जबाबदारी शासनावर टाकण्यात आली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आयुष्मान भारत योजनेखाली पारलिंगी व्यक्तींसाठी वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या विमासंरक्षणाचा करार झाला.

या साऱ्याचा कामजीवनाशी निकटचा संबंध आहे. अनेक पारलिंगी पुरुष केवळ हॉर्मोन आणि छातीवरील शस्त्रक्रिया यांवर समाधानी असतात व जननेंद्रियांवर शस्त्रक्रिया करवून घेत नाहीत. त्यांचे पुरुषत्व त्यामुळे उणे होत नाही. शस्त्रक्रिया ही पुरुष म्हणून सिद्ध होण्याची परीक्षा मानली गेली की रुग्ण लोकांच्या नजरेसाठी अवयव निवडतो आणि स्वतःचे सुख दुय्यम ठरवितो. ज्याला संवेदना व नैसर्गिक उत्थान सर्वांत प्रिय आहे त्याने केवळ आकारासाठी दुसरी पद्धती निवडली, किंवा ज्याला प्रवेशाची तीव्र इच्छा आहे त्याने धास्तीने पहिली पत्करली, तर शस्त्रक्रिया तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असूनही निराशा पदरी येते.

म्हणून शल्यचिकित्सकासमोर बसण्यापूर्वी रुग्णाने एक कागद घ्यावा आणि प्रारंभी सांगितलेल्या क्रिया आपल्या पसंतीच्या क्रमाने त्यावर लिहाव्यात. मग प्रत्येक पद्धतीविषयी विचारावे की यांपैकी काय मिळेल, काय मिळणार नाही, किती टप्पे लागतील आणि कोणता भाग पुन्हा दुरुस्त करावा लागण्याचा संभव आहे. या प्रश्नांची सरळ उत्तरे देणारा डॉक्टर भेटेपर्यंत थांबण्यात नुकसान नाही. आणि रुग्णाने संकोचाने हा विषय काढला नाही तर तो काढण्याची जबाबदारी डॉक्टराची आहे.